औंदाचा झोका

"औंदा पंचमीचा झोका बागेत!" धुरपताबाईंनी नळावर जाहीर केलं, आणि शिवरंजनीची कळशी भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. पाणी तिच्या पायांवरून, चपलांखालून, गटाराकडं निघालं. "ए बाई, ध्यान कुठं हाय? सहा दिवसांनी नळ आलाय आन् तू गटाराला पाजायलीस व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं, बाया हसल्या, तीही हसली. हसणं तिला गेल्या अडीच महिन्यांत चांगलं जमायला लागलं होतं. धुरपताबाई वस्तीतल्या सगळ्यात जुन्या. कापसाचं जिनिंग चालू होतं तेव्हा सरकी वाहणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या मुकादम होत्या. जिनिंग बंद पडून पंधरा वर्षं झाली, मशिनी भंगारात गेल्या, पण त्यांचा आवाज अजून मशिनीच्या वरून बोलल्यासारखाच निघायचा. "बागेसाठी आपला लिंब तोडला, तवा तो इंजिनेर काय म्हन्ला? मावशी, लिंबाच्या बदल्यात लोखंडी झोका देतो. मंग? झोका आपलाच हाय की. का लेकरांनीच झुलावं आन् आपुन नुसत्या टाळ्या वाजवाव्या?" राजेश्री, शिवरंजनीच्या शेजारच्या दाराची, हंडा कमरेवर घेत म्हणाली, "मावशी, तिथं पाटीवर लिवलंय, बारा वर्षांखालच्यासाठीच म्हनून." "मंग मला अकरावं लागलंय म्हनून सांग." पुन्हा हशा. "आन् बसून न्हाई घ्यायचा. जोडीनं, उभ्यानं. बसून घेतला त्याला काय झोका म्हनत्यात? पयली जोडी माझी आन् राजेश्रीची." शिवरंजनीनं कळशी उचलली. ती नेहमीपेक्षा जड लागली, जशी काही तिच्यात पाण्याखाली आणखी काही बसलं होतं.

झोका कच्चा होता. वस्तीत ते दोनच माणसांना माहीत होतं: ज्यानं तो जोडला त्याला, आणि त्याच्या बायकोला. बागेचं उद्घाटन उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं होतं. फीत कापून मोठी माणसं गाड्यांत बसून गेली आणि तासाभरात बाग पोरांनी भरली. गिरिजा झोक्यावर बसली होती. चार वर्षांची, पाय जमिनीला पुरत नव्हते, दोन्ही मुठींत साखळ्या आवळून धरलेल्या. शिवरंजनीनं मागून नुसतं बोट लावल्यासारखा धक्का दिला होता, तेवढ्यात शिवकांत कुठूनसा आला आणि त्यानं पोरीला दंडाला धरून खाली ओढलं. खेळातून काढतात तसं नाही, विहिरीतून काढतात तसं. सहा वर्षांच्या संसारात त्या माणसाचा आवाज चढलेला तिनं ऐकला नव्हता; तेव्हाही तो चढला नाही, पण गिरिजाच्या दंडावर त्याची चार बोटं उमटली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसत होती. घरी आल्यावर तो हात न धुताच भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "वरचा आडवा पाईप नुसता टाक्यावर हाय." तिला कळलं नाही. मग त्यानं स्टीलचा पेला पुढं ओढला आणि त्याच्या काठावर बोट फिरवलं. असं गोल, सगळीकडून भरायला पाहिजे वेल्डिंग. मग त्याच काठावर चार ठिकाणी नखानं टक-टक केलं. एवढंच केलंय. सकाळी जनरेटरमधलं डिझेल संपलं, गाड्या चौकापर्यंत आल्या होत्या, बागेचं काम घेतलेला गुत्तेदार कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, टाके मार, रंग मार, उभा कर; उद्घाटन तर होऊ दे, नंतर येऊन पक्का कर. "मंग करा की पक्का," ती म्हणाली होती, किती सहज म्हणाली होती. तो दुसऱ्या आठवड्यात विचारायला गेला. गुत्तेदार म्हणाला, बाग आता आपल्याकडं नाही, ताबा देऊन मोकळे झालो, कशाला हात लावतो. पुन्हा गेला तेव्हा गुत्तेदार काही म्हणाला नाही, पण संध्याकाळी, तो कामाला होता त्या वेल्डिंगच्या दुकानाचा मालक म्हणाला. मालक गुत्तेदाराचा साडू होता. "शिवकांत, तुला फार पुळका आला असंल तर बागेतच नोकरी धर." त्या दिवसापासून तो एकच वाक्य बोलायचा. लेकरांच्या वजनानं काही होत नसतंय. आधी सांगितल्यासारखं, मग विचारल्यासारखं, मग बोलायचंच सोडलं.

त्यांच्या खोलीची मागची भिंत आणि बागेची भिंत एकच. दुपारी ती साड्यांना फॉल लावत बसायची तेव्हा झोका तिला दिसायचा नाही, ऐकू यायचा. कर्र. मग एक पोकळी. मग पुन्हा कर्र. पोर पुढं गेलं की एक, मागं आलं की एक. त्या दोन आवाजांच्या मधल्या पोकळीत तिची सुई थांबायची. पुढचा आवाज आला की पुढचा टाका. अशा कितीतरी साड्या तिनं शिवल्या, आणि कुठल्यातरी लग्नात, कुठल्यातरी बाईच्या पायाशी तिचा एकेक अडलेला श्वास घोळत असेल, असं तिच्या मनात यायचं आणि तिचं तिलाच ते वेड्यासारखं वाटायचं. कधी आवाज जोरात, भराभर यायला लागले की ती साडी टाकून उठायची. मोठी पोरं दोघं-दोघं चढलेली असायची. "एकेकानं! एकानं बसायचं, बाकीच्यांनी लाईन लावायची!" पोरं तिला नंबरवाली काकू म्हणायला लागली. मुंजाजी, बागेचा राखणदार, तिला बघून काठी काखेत धरून टाळ्या वाजवायचा. "वैनी, माझी नोकरी खातावं तुमी. तुमच्या नवऱ्यानं झोका जोडला, आता तुमी राखायलाव. बगा, ह्याला म्हनत्यात आपलेपना." ती हसायची. पावसाच्या चार सरी झाल्यावर वर पाईप जोडला होता तिथं पिवळ्या रंगाला केसाएवढी चीर गेली होती आणि चिरेखालून एक तांबूस ओघळ खाली आला होता, लेकराच्या नाकाखाली वाळलेला असतो तेवढा. तो कुणाला दिसत नव्हता. तिला बाकी काही दिसत नव्हतं.

सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं. नळावर, बाकावर, राजेश्रीच्या उंबऱ्यात. पण ते सांगणं म्हणजे शिवकांतचं नाव सांगणं, आणि वस्तीला गुत्तेदार सापडला नसता, शिवकांत सापडला असता. तो रोज संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी यायचा. आणि दुसरंही होतं, ते तिनं शिवकांतलाही बोलून दाखवलं नव्हतं. झोका वाईट निघाला तर बाग जाईल. स्टेशनाकडच्या बागेचं तसंच झालं होतं. घसरगुंडीच्या पत्र्यानं एका लेकराचं बोट कापलं आणि पत्रा बदलायच्या ऐवजी फाटकाला कुलूप आलं. आता आत गाजरगवत माणसाएवढं वाढलंय आणि घसरगुंडीचं फक्त टोक दिसतं. इथं आधी काय होतं? जिनिंगच्या मागचं उघडं रान, सरकीची फोलं, फुटलेल्या बाटल्या, पहाटे डबे घेऊन जाणाऱ्यांची ये-जा. आणि तो एक लिंब. बाग झाली आणि संध्याकाळी बाया बाकांवर जाऊन नुसत्या बसायला लागल्या. नुसतं बसणं. मांडीवर पीठ नाही, निवडायला डाळ नाही, भरायला हंडा नाही. पहिल्या दिवशी सगुणाबाईनं सवयीनं लसूण सोलायला नेला होता, तो धुरपताबाईंनी हिसकून स्वतःच्या ओच्यात टाकला. "घरी गेल्यावर सोल. हितं बसायचं." सगुणाबाईला मोकळे हात कुठं ठेवावेत तेच उमजेना, शेवटी तिनं ते मांडीवर उलटे ठेवले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. शिवरंजनीला त्या बाकाचा मोह होता. सिमेंटचा बाक, दुपारचं ऊन पोटात साठवून ठेवलेला, संध्याकाळी पाठीला ते ऊन हळूहळू परत देणारा. लग्न होऊन आल्यापासून या गावात तिच्या पाठीला टेकायला तेवढी एकच जागा मिळाली होती. ती जागा ती आपल्या तोंडानं कशी बंद करणार होती? आणि रोज संध्याकाळी झोका धड राहायचा, पोरं धड घरी जायची, आणि आज काही झालं नाही म्हणजे उद्याही होणार नाही असं एक खोटं, मऊ, उबदार असं काहीतरी तिच्या अंगाशी येऊन झोपायचं, मांजरासारखं.

फक्त गिरिजा. गिरिजाला तिनं त्या झोक्यावर पुन्हा बसू दिलं नाही. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, म्हणून तिनं नाही म्हटलंच नाही. गिरिजा रांगेत उभी राहायची, इतर लेकरांसारखीच, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. पुढं दोन उरली की शिवरंजनी तिच्याजवळ जायची. "त्याला जाऊ दे बाळा आधी, तो किती वेळचा उभा आहे." मग एक उरलं की, "कावेरीला जाऊ दे, तिला शाळेचा अभ्यास आहे ना." कावेरी म्हणजे राजेश्रीची, सहा वर्षांची, दोन वेण्यांची, सगळ्यांत उंच झोका घेणारी. आणि मग खरोखरच गिरिजाचा नंबर आला की चल, दिवे लागले, घरी जायचं. आपला नंबर येतो तेव्हा घरी जायची वेळ होते, हे त्या पोरीनं आभाळात ऊन असतं, पाऊस असतो तसं मान्य करून टाकलं होतं. ती कधी रडली नाही. घरी येऊन उशी दोन पायांत धरून पुढं-मागं व्हायची आणि तोंडानं कर्र, कर्र म्हणायची. बाया म्हणायच्या, कसं गुणाचं लेकरू, आपला नंबर दुसऱ्याला देतंय. राजेश्री तर एकदा वाटीभर बुंदी घेऊन आली. "गिरीला दे. माझी कावेरी बग, हावरट, मिळालं की सोडीत न्हाई. तुझ्या पोरीचं मन लय मोठं हाय गं. तुमच्यात शिकवत्यात काय असं, लहानपनापून? तुमी लिंगायत लोकं शिस्तीची." शिवरंजनी म्हणाली, "शिकवायचं काय असतं त्यात." बुंदी गिरिजानं खाल्ली. तिनंही दोन कळ्या तोंडात टाकल्या आणि त्या विरघळेपर्यंत तशीच उभी राहिली, राजेश्रीच्या रिकाम्या वाटीत काय घालून परत करावं ते न सुचून.

नळावरून आल्यावर तिला आठवत राहिला तो सोनपेठकडचा, माहेरचा झोका. पंचमीच्या आदल्या दिवशी वडील बाभळीवर चढून बैलगाडीचा नाडा बांधायचे. आणि मग, पोरी खाली ताटकळत, हातावरची मेंदी फुंकत उभ्या असताना, तो पंचावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस त्या दोराला दोन्ही हातांनी लोंबकळायचा. पाय वर घ्यायचा, झटके द्यायचा, गोल फिरायचा. पोरी हसून हसून लोळायच्या, कारण धोतर सुटायला आलेलं असायचं. दोर तुटायचा असेल तर माझ्याखाली तुटू दे, असं काही ते बोलत नसत. ते फक्त लोंबकळायचे आणि मग तळहात झटकून म्हणायचे, जावा आता. तिला तेव्हा ते खेळातलंच वाटायचं. चुलत बहिणीसमोर तोंडाला तोंड करून उभं राहिलं, गुडघ्यात वाकून झोका चढवला, की पोटात एकदम रिकामं व्हायचं, रान खाली जायचं, आभाळ तिरपं व्हायचं, आणि त्या एका क्षणात आपण कुणाची मुलगी नाही, कुणाच्या घरी जायची नाही, आपल्याला वजनच नाही असं वाटायचं. बायकांना वर्षातून एकदा मिळायचं ते तेवढंच. ते धुरपताबाईंना पाहिजे होतं. पासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, पाहिजे होतं. त्यात त्यांचं काय चुकलं?

शिवकांत दुपारी जेवायला आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. वेल्डिंगचा काळा चष्मा न लावता काम केलं की असं व्हायचं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. तिनं बटाट्याच्या चकत्या कापून दिल्या, त्या पापण्यांवर ठेवून तो उताणा पडून राहिला. तो बघू शकत नव्हता म्हणून तिला बोलता आलं. "बाया पंचमीला बागेत झोका घेणार आहेत." "हूं." "जोडीनं. उभ्यानं." बटाटे हलले नाहीत. गळ्यातली लिंगाची पेटी तेवढी श्वासाबरोबर वर गेली आणि वरच राहिली. "कोण कोण?" "सगळ्याच. पहिल्या धुरपतामावशी आणि राजेश्री." "उभ्यानं झोका चढवल्यावर वजन दुपटीचं व्हतंय," तो म्हणाला, दुकानात गिऱ्हाईकाला सांगावं तसं. "टिकेल?" भिंतीपलीकडं कर्र झालं. "मी आधीच करतो. मशीन मागून आणतो, तासाभराचं काम हाय. परवा करतो." त्याचा हात चाचपडत आला आणि तिच्या हातावर पडला, ठिणग्यांच्या बारीक काळ्या डागांचा हात. तिनं तो दाबला. त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की तिनं उरलेला बटाटा भाजीत टाकून दिला. पण परवा उजाडायच्या आत मालकानं त्याला देवगाव फाट्याला पाठवलं, एका पेट्रोल पंपाची शेड उभी करायला, पंचमी झाल्यावरच ये म्हणून. फाट्यावरून त्याचा फोन आला. मागं ट्रकांची घरघर, मधेच ग्राइंडर किंचाळायचा. "मालक सोडंना गं." "मग?" "तूच थांबव बायांना." "काय सांगून?" "काही पन सांग. तुला जमतं." मग ग्राइंडर थांबला आणि त्याचा आवाज एकदम जवळ, कानाच्या आत आल्यासारखा झाला. "माझं नाव नको."

ती मुंजाजीकडं गेली. म्हणाली, पंचमीच्या दिवशी झोक्याला साखळी घालून कुलूप लावा. बाया चढतील, मोडेल, तुमच्यावर येईल. मुंजाजी खुर्चीत बसून तंबाखू मळत होता. "मोडायला ते काय आंब्याची डहाळी हाय का, वैनी? लोखंड हाय. आन् तुमच्याच नवऱ्यानं जोडलंय. घरच्या कामावर इस्वास न्हाई व्हय?" तो हसला, तिनं हसून दिलं, आणि तिथंच ते संपलं. उलट त्यालाच हुरूप आला. पंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाया कौतुक करतील म्हणून त्यानं शिडी लावून झोक्याच्या कड्यांना तेल दिलं. शिवरंजनी घरात पुरण वाटत होती. वाटता वाटता तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडं काही नाही. कर्र नाही. तिला वाटलं पोरं घरी गेली. पण पोरांचा कल्ला तर ऐकू येत होता, कावेरीचं खिदळणं ओळखू येत होतं, ते जवळ यायचं, लांब जायचं, जवळ यायचं. झोका चालू होता. त्याचा आवाज गेला होता. इतके दिवस तो आवाज तिला खात होता आणि आता तो नव्हता तर तिला कळेना की दोन श्वासांच्या मधलं अंतर कशानं मोजायचं. ती पाटा तसाच टाकून दारात आली, परत आत गेली, परत दारात आली. गिरिजा म्हणाली, "आई, झोका मुका झाला."

पंचमीला तिनं घरात विळी काढली नाही, तवा ठेवला नाही. पुरणाची दिंडं उकडली. बायांबरोबर जिनिंगच्या मागं वारुळाला जाऊन आली. दूध, लाह्या, हळदकुंकू. राजेश्री हिरवीगार साडी नेसली होती, कोपरापर्यंत मेंदी, आणि ती सारखी शिवरंजनीच्या हाताला हात लावून बोलत होती. "दोन लेकरं झाली, माहेरी जायला गावलं न्हाई, औंदा पयल्यांदा झोका घेनार बग मी. पोटात आत्ताच गोळा येतोय." बागेत चाळीस-पन्नास बाया जमल्या. मुंजाजीनं आपणहून पाटी उलटी फिरवून ठेवली. लेकरं कठड्यावर ओळीनं बसवली, आज तुमचा नंबर नाही म्हणून. सगळं इतकं भरलेलं होतं, इतक्या बांगड्या, इतके गजरे, इतकं हसू, की त्यात एक वाक्य ठेवायला कुठं जागाच नव्हती. धुरपताबाईंनी पदर खोचला, सगुणाबाईच्या खांद्यावर भार देऊन फळीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. साखळ्या ताणल्या. झोका थोडासा हलला, बिनआवाज. शिवरंजनीनं वर बघितलं. तांबूस ओघळ जिथं होता तिथं तो काल तेलाच्या फडक्यानं कुणी पुसून टाकला होता. "चल गं राजेश्री!" राजेश्रीनं चपला काढल्या.

"पंचमीला लोखंडावर उभं राहू नये म्हणतात," शिवरंजनी म्हणाली. तिचा हात साखळीवर होता. तो कधी गेला ते तिला माहीत नव्हतं. बाया वळल्या. "कोन म्हनतंय?" "आमच्यात... आमच्यात पाळतात. नागाला लोखंड चालत नाही." "तुमच्यात पाळत असत्याल, आमच्यात न्हाई पाळीत," धुरपताबाई वरून म्हणाल्या. "सोड साखळी. लेकरांना लायनीत उभं करतीस, आता मला पन करतीस व्हय?" हशाची एक लाट आली. राजेश्रीनं हसत हसत एक पाय फळीवर ठेवला. मेंदीनं रंगलेली टाच शिवरंजनीला अगदी जवळून दिसली, तिच्या भेगांत मुरलेली मेंदी, आणि ती टाच जमिनीवरून उचलली जायला लागली.

"उतरा मावशी. झोका कच्चा आहे."

"अं?"

"वरचा पाईप नुसता टाक्यावर आहे. पक्का केलेला नाही. चार चार टाके आहेत, वरून रंग मारलाय."

"तुला कुनी सांगितलं?"

"ज्यानं जोडला त्यानं."

धुरपताबाई उतरल्या. चढताना त्यांना सगुणाबाईचा खांदा लागला होता, उतरताना त्या एकट्या उतरल्या. मुंजाजीनं शिडी आणली, वर गेला, काठीच्या टोकानं खरवडलं. रंगाचा एक पापुद्रा सुटून फिरत फिरत खाली आला, फुलासारखा. "मायला," मुंजाजी वरूनच म्हणाला. "यातले दोन तर उचकटून आलेत." कुणीतरी शिवकांतला शिवी दिली. कुणी म्हणालं, गुत्तेदाराला आणा हितं, बांधा त्याला. शिवरंजनीनं मान खाली घातली होती. शिव्या येणार हे तिला माहीत होतं, त्यासाठी ती अंग आवळून उभी होती, आणि खरं म्हणजे त्या शिव्यांत तिला बरं वाटत होतं, ताप उतरताना घाम यावा तसं. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नव्हतं आणि घेतलंही होतं. आता सगळं झालं होतं. आता काही पडणार नव्हतं.

"कवापून ठाव हाय तुला?" राजेश्रीनं विचारलं. हळू, दोघींत बोलतात तसं.

शिवरंजनीनं उत्तर दिलं असतं. खोटंही देता आलं असतं, कालच कळलं म्हणून. पण राजेश्री तिच्याकडं बघत नव्हती. ती कठड्याकडं बघत होती, जिथं लेकरं ओळीनं बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश, एकेक पायरी उतरत, खाली खाली जात होतं. "गिरी कवाच बसली न्हाई," ती म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी बसली, तवा बापानं वडून काढली. मी व्हते तितं. मला वाटलं, पोरीच्या जातीला कसं दमात घेतंय बग. तवापून न्हाई बसली. रोज लायनीत असायची. रोज तिचा नंबर माझ्या कावेरीला." तिनं आता शिवरंजनीकडं बघितलं. "ती न्हाई द्यायची. तू द्यायला लावायचीस."

"राजेश्री..."

"मी बुंदी आनून दिली तिला."

एवढंच. त्यापेक्षा मोठ्यानं ती बोलली नाही. बाकीच्या बायांना ते कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा पाणी जमिनीत मुरायला लागतो, आणि मग एकेक बाई कठड्याकडं गेली, आपापलं लेकरू उचललं, जे उचलायच्या वयाचं नव्हतं त्याच्याही बगलेत हात घालून उचललं, कुणी दंड चाचपले, कुणी केसांवरून हात फिरवला, जशी काही ती आत्ताच खाली पडून उठली होती. धुरपताबाईंना नेण्यासारखं कुणी नव्हतं; त्या खोचलेला पदर सोडून तशाच चालू लागल्या. मशिनीच्या वरून बोलणारी ती बाई नुसती बाजूनं गेली, गुडघा धरत. हिरव्या, मोरपंखी, लाल साड्या फाटकाकडं सरकत गेल्या. मुंजाजी शिडी खांद्यावर घेऊन, कुणाला तरी फोन लावत, पार भिंतीच्या टोकाला गेला. शिवरंजनीला वाटलं, कुणीतरी वळून शिवी द्यावी. तिला सिमेंटच्या बाकावर बसावंसं वाटलं आणि बसता आलं नाही. ती आपले तळहात बघत उभी राहिली.

म्हणून तिला दिसलं नाही. बाग रिकामी झालेली होती, रांग नव्हती, पुढं एकही डोकं नव्हतं, कुणाला आधी जाऊ द्यायचं नव्हतं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा गिरिजासमोर झोका मोकळा होता. ती कठड्यावरून उतरली, पळत गेली, पोट फळीवर टाकून चढली, वळली, बसली, दोन्ही मुठींत साखळ्या घट्ट धरल्या आणि आईला दिसावं म्हणून पाय पुढं फेकले. झोका निघाला. तेल दिलेला होता, आवाज झाला नाही.

"गिरेऽ! उतर! उतर खाली, माय!"

हाक फाटकातून आली होती. राजेश्रीनं कावेरीचा हात तिथंच सोडला होता आणि ती पळत येत होती, अनवाणी, निऱ्या दोन्ही मुठींत वर धरून, हिरवी साडी चिखलातून. शिवरंजनी वळेपर्यंत ती तिच्या अंगावरून पुढं गेली होती. तिनं झोका अर्ध्यातच अंगावर घेतला, पोरीला काढलं, छातीशी धरून चार पावलं मागं झाली आणि मगच श्वास घेतला. गिरिजा किंचाळत होती. इतक्या दिवसांत न रडलेली पोरगी राजेश्रीच्या खांद्यावर मुठी मारत, हिरव्या बांगड्यांवर डोकं आपटत रडत होती. "माझा नंबर होता! माझा नंबर होता!"

"व्हय माय," राजेश्री तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, शिवरंजनीकडं न बघता. "तुझाच व्हता."